गाडीचं कुळ बघणारे झुंबरकाका

आमच्या खापर गावात मुलगी द्यायची असेल तर मुलाची पत्रिका नंतर बघतात, आधी त्याच्या गाडीची इन्शुरन्स पॉलिसी बघतात. मी गंमत करत नाहीये. कॉलेजात हे सांगितलं तर मैत्रिणी अशा हसल्या की एकीच्या नाकातून चहा आला. पण आमच्या बाजारपेठेत कुणालाही विचारा, मुलाचा बायोडाटा आला की मुलीची आई दुसऱ्या मिनिटाला फोन घेऊन झुंबरकाकांच्या दुकानाच्या पायरीवर हजर. "काका, पोरगाना कागद आणा शे. देखा ना जरा."

काकांचं टायरचं दुकान आमच्या पिठाच्या गिरणीला लागूनच आहे. मागे छतापर्यंत टायरची चळत आणि पुढे एक टेबल, त्यावर कंप्युटर, प्रिंटर, पाण्याचा तांब्या. टायर विकणं हा त्यांचा धंदा आणि इन्शुरन्स हा त्यांचा धर्म. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले होते. काका घरच्या देवासमोर मारवाडी बोलतात, गल्ल्यावर अहिराणी बोलतात, आणि गुजरातची गाडी हायवेवरून खाली उतरली की गुजराती. पण चिडले की फक्त अहिराणी. चिडायला तीच बरी पडते म्हणतात.

तर काका पॉलिसीचा नंबर बघून कंपनी सांगतात. वरचं नाव झाकून ठेवा, बोधचिन्ह झाकून ठेवा, नुसता नंबर दाखवा. चष्मा कपाळावर ढकलून, फोन नाकाला लावून ते वाचणार. मंत्र म्हटल्यासारखं. "हाई पहिलं ऑफिस. हाई गाडीनं खातं. हाई साल. आनि हाऊ शेवटना आकडा, हाऊ तू." म्हणजे लांबलचक नुसते आकडे असले तर ती जुनी सरकारी घराणी, त्यात सुरुवातीलाच कुठल्या ऑफिसातून कागद निघाला ते कळतं. मध्ये तिरप्या रेघा असल्या तर दुसरं घराणं. पुढे इंग्रजी अक्षर असलं तर अजून तिसरं. याला ते कुळ म्हणतात. कंपनी हा शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. "कुळ सांग पहिले" हे त्यांचं पेटंट वाक्य आणि दुसरं म्हणजे "आकडा लबाड बोलस नही, मानूस बोलस."

माणसांची नावं मात्र अजिबात लक्षात राहत नाहीत. पोस्टमन इतकी वर्षं पत्रं टाकतोय, काका त्याला "ओ थर्ड पार्टी" म्हणतात. एका लग्नात नवरदेवाच्या मामांना त्यांनी सगळ्यांसमोर ओळख दिली, "या या, तुमनं आखाजीले सरस ना?" मामा बिचारे घाबरले, त्यांना वाटलं आपलं आयुष्य सरतंय. पॉलिसी सरत होती. आमच्याकडे निम्म्या गाड्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घेतलेल्या, म्हणून निम्म्या पॉलिसी आखाजीला संपतात, म्हणून त्या आठवड्यात काकांना जेवायलासुद्धा हाक मारायची नाही.

हे लग्नाचं खूळ कसं सुरू झालं तेही सांगते. गल्लीतल्या एका मुलीला स्थळ आलं होतं. मुलाची स्वतःची चारचाकी आहे, मोठं काम आहे, असं तसं. काका तिथे नुसते सुपारी खायला बसले होते. सवयीने कागद मागितला. वाचला आणि मुलीच्या बापाला बाजूला घेऊन सांगितलं की गाडी दुसऱ्याच्याच नावावर आहे आणि पॉलिसी कधीची मेलेली आहे. चौकशी केली तर खरंच, गाडी मालकाची, मुलगा ड्रायव्हर. ड्रायव्हर असायला काहीच हरकत नव्हती हो, खोटं बोलायला होती. तेव्हापासून जे सुरू झालं ते सुरूच झालं. हिंदू, मुसलमान, जैन, सगळे येतात. गल्लीतल्या रेहानाचं लग्न ठरत होतं तेव्हा तर मौलवीसाहेबांच्या आधी काकांकडे कागद आला होता.

आता गोष्ट आमच्या घरात येते. माझी मोठी बहीण हेमा. मी धाकटी, काका मला बारकी म्हणतात. हेमा बी. ए. झाली, सकाळी गिरणीच्या गल्ल्यावर बसते आणि दुपारी गिरणी बंद असते तेव्हा काकांच्या दुकानात जाते. लहानपणापासून. आकडे ती शाळेत नाही शिकली, काकांच्या टेबलावर पॉलिसीच्या नंबरांवर बोट ठेवून शिकली. आता काकांना बारीक अक्षर दिसत नाही, तर कंप्युटरवर सगळं तीच भरते, बारीक अटी तीच वाचून दाखवते. काका डोळे मिटून ऐकतात, मध्येच "हा, हाई परत वाच" म्हणतात. काकी गेल्यापासून दुपारचा चहासुद्धा हेमाच करते. दोघं फारसं बोलतही नाहीत. एक वाचते, एक ऐकतो.

हेमाला स्थळं येऊ लागली आणि काका एकदम कडक झाले.

पहिला तळोद्याचा शिक्षक. मुलगा छान, घर छान. मोटरसायकलला फक्त थर्ड पार्टी. काकांनी मान हलवली. म्हणाले, थर्ड पार्टी म्हणजे काय, तर हा दुसऱ्याचं नुकसान भरून देईल, स्वतःच्या घरचं मोडलं तर बघणार नाही. असल्याला पोरगी देऊ नये. पप्पांना पटलं.

दुसरा नंदुरबारचा, बँकेत. त्याची पॉलिसी फुल होती, पण दरवर्षी वेगळ्या कंपनीची. काका म्हणाले, हा दर साली कुळ बदलतो, टिकणारा नाही. मम्मीलासुद्धा पटलं, आणि मम्मीला सहसा काही पटत नाही.

तिसरा धुळ्याचा इंजिनिअर. त्याचं काही म्हणजे काही चुकलेलं नव्हतं. एकच कुळ, वेळेवर नूतनीकरण, एकही क्लेम नाही, त्यामुळे बोनसही पूर्ण. आम्ही पेढे आणायच्या तयारीत. काकांनी कागद खाली-वर केला, उजेडात धरला, उलटा करून पाहिला. शेवटी म्हणाले, "गाडीले एक ओरखडा नही. म्हनजे हाऊ गाडी घरबाहेर काढसच नही. मंग पोरगीले माहेरले कोन लई येई?"

पप्पा विचारात पडले. मी हसले तर मम्मीने चिमटा काढला. आणि इंजिनिअर गेला.

मला तेव्हाच लक्षात यायला हवं होतं, कारण रेहानाच्या नवऱ्याची पण थर्ड पार्टीच होती आणि तेव्हा काका म्हणाले होते, "चालस. पोरगा साधा शे." पण मी आपली परीक्षेच्या गडबडीत.

मग ब्राह्मणपुरीचा योगेश आला. त्याची स्वतःची पिकअप आहे, शेतातली पपई आणि केळी घेऊन गुजरातेत जातो. बघायला आले तेव्हा मोठ्या माणसांनी दोघांना बाहेर ओट्यावर बसवलं, काही विचारायचं तर विचारा म्हणे. मी दाराआड होतेच. हेमाने काय विचारावं? छंद? स्वप्न? तिने विचारलं, "गाडीची आय.डी.व्ही. किती लावली आहे?" म्हणजे गाडी पूर्ण गेली तर कंपनी तिची किंमत किती धरणार. योगेश गडबडला. म्हणाला, "ते नाही माहीत. मले फक्त टायरमा हवा किती लागस ते माहीत." आणि हेमा हसली. आमची हेमा हसत नाही हो. म्हणजे हसते, पण ओठ मिटून. त्या दिवशी दात दिसले. पाहुणे गेल्यावर तिने माझे कपडेसुद्धा इस्त्री करून ठेवले, न सांगता. मी समजले.

तिकडचा निरोप स्पष्ट होता. रविवारपर्यंत हो किंवा नाही सांगा, कारण त्यांच्याकडे शहाद्याचं दुसरं एक स्थळ थांबलेलं होतं. पप्पांनी रीतीप्रमाणे मध्यस्थ मामांकडून पिकअपचा कागद मागवला. मामांनी फोटो असा काढला की वरचं कंपनीचं नाव बाहेर आणि स्वतःचा अंगठा आत. गाडीचा नंबर, योगेशचं नाव आणि पॉलिसीचा नंबर तेवढा दिसत होता. नंबर डी अक्षराने सुरू होणारा, मग आडवी रेघ, मग आकडे.

आम्हाला काय, काकांना तेवढंच पुरतं.

काकांनी फोन नाकाला लावला. बराच वेळ लावला. मग परत दिला आणि म्हणाले, "हाई कुळच नही."

पप्पांनी विचारलं, म्हणजे?

"म्हनजे असं कुळच नही जगमा. बोगस कागद शे. हायवेवर कोनी तरी छापी देस."

तुम्हाला कळतंय ना, आमच्याकडे हे केवढं मोठं वाक्य आहे. खोट्या पॉलिसीचा मुलगा. पप्पांचा चेहरा पडला. हेमा कंप्युटरवर बसलेली होती, तिने मान वळवली नाही, नुसतं टाईप करणं थांबलं.

मला राहवलं नाही. घरी जाऊन सरकारी ॲपवर पिकअपचा नंबर टाकला. एका मिनिटात आलं, इन्शुरन्स चालू, अमुक कंपनी, अमुक तारखेपर्यंत. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच फुकट जाहिरात नको. पळत जाऊन पप्पांना दाखवलं. पप्पा म्हणाले, "ॲपले काय समजस व? काका शेत ना." मी म्हटलं, अहो सरकारी आहे ते. पप्पा म्हणाले, सरकारी आहे म्हणून तर.

मला वाटलं, कंपनी नवी आहे, काकांना तिचा नंबर माहीत नसेल, वय झालं, डोळे गेले. वाईटसुद्धा वाटलं. ठरवलं, काकांना एकटं गाठून हळूच सांगायचं, त्यांचा मान राहील असं. रविवार उद्यावर आलेला. हेमा रात्री जेवली नाही, म्हणे पोट दुखतंय. पोट नव्हतं दुखत.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले तर आधीच इक्बालभाई बसलेले. त्यांची कालीपिली आहे, खापर ते अक्कलकुवा जीपफेऱ्या मारतात. नवीनच पॉलिसी घेतली होती बाहेरून, कागद घरी राहिला, नंबर तेवढा तळहातावर पेनाने लिहून आणलेला. शेजारी चार माणसं टायरला टेकून उभी. आणि चार माणसं दिसली की काकांच्या अंगात येतं. इक्बालभाईंचा हात त्यांनी ज्योतिषासारखा हातात घेतला.

"डी," काका म्हणाले. "मंग आडी रेघ. हाई नवीन कुळ शे, दोन-तीन सालमा निघनं. आठेथीन पुढे गाडीनी जात, प्रवासी. मंग साल. इक्बाल, तुन्ही पॉलिसी बडोदाथीन निघनी." आणि कंपनीचं नाव सांगितलं. ठणठणीत. तेच, जे माझ्या ॲपवर आलं होतं. माणसं वा वा करायला लागली.

माझी नजर हेमाकडे गेली. तिची नजर इक्बालभाईंच्या तळहाताकडे.

तिने खुर्ची वळवली. आवाज अगदी नेहमीसारखा, बारीक अटी वाचून दाखवते तसा. "काका, कालना कागदनंबी हाईच कुळ व्हतं."

काकांनी इक्बालभाईंचा हात सोडला नाही. तसाच धरून ठेवला. मग चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला, परत काढला.

"व्हतं," ते म्हणाले.

इक्बालभाई बिचारे घाबरले. "काका, मेरा ठीक है ना?"

"तुन्हं बठ्ठं ठीक शे. जाय तू, शिटा भरी गयात तुन्ह्या."

बाकीची माणसंही हळूहळू सटकली. आपल्याकडे माणसांना कळतं कधी सटकायचं ते. मग मीच बोलले, मी गप्प बसूच शकत नाही. म्हटलं, काका, असं का केलंत?

काका तांब्याकडे बघत म्हणाले, "ब्राह्मणपुरी लांब पडस. दोन गाड्या बदलना पडतस."

मी म्हटलं, आणि तळोदा? तळोदा तर इथेच आहे.

"जवळनं कोनी रोज येस का बारकी? मन्हा पोरं सुरतमा शेत. सुरत कोठे लांब शे."

काकांची दोन्ही मुलं सुरतेला, कपड्याच्या धंद्यात, मोठ्या गाड्या. त्या गाड्यांच्या पॉलिसी मुलं मोबाईलवरच काढतात. अख्ख्या तालुक्याच्या गाड्यांचं कुळ सांगणाऱ्या माणसाला घरच्या गाड्यांचं माहीत नाही. एकदा कुणीतरी विचारलं होतं तर काका म्हणाले होते, ते शहरातलं आहे, तिथलं वेगळं असतं. मला ते खरंच वाटलं होतं.

आणि मग तळोद्याचा, नंदुरबारचा, धुळ्याचा, सगळे माझ्या डोळ्यांसमोरून रांगेने गेले. बिचारा इंजिनिअर. नुसता गाडी सांभाळून चालवत होता.

हेमा रागावेल असं मला वाटलं होतं. मी असते तर रागावले असते, पाय आपटले असते, टायर ढकलले असते. ती उठली, चहा ठेवला, कप काकांसमोर ठेवला. आणि म्हणाली, "मले तो आवडना, काका."

काकांनी चहा बशीत ओतला. प्यायले नाहीत. बशी तशीच ठेवून उठले आणि आमच्या गिरणीकडे निघाले.

बाजाराचा दिवस, म्हणून गिरणी दुपारीही चालू. गिरणीत ज्वारीची पोती घेऊन बायांची रांग, पट्टा फडफड करतोय, पप्पा नखशिखांत पांढरे. काका दारातून म्हणाले, "रमेश, तो कागद चांगला शे." पप्पांना ऐकू नाही आलं. काका पुढे आले, मोठ्याने म्हणाले. पप्पांना वाटलं दळण कुठलं विचारतात, म्हणाले बाजरी नंतर लावतो. काका ओरडले. इतकं मोठं ओरडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात पप्पांनी खटका ओढला, गिरणी थांबली आणि काकांचं ओरडणं एकटंच सगळ्या बाजारात गेलं, "मी लबाड बोलनू."

बायांची रांग ताठ. पप्पा पीठ झटकायचे थांबले.

काका खालच्या आवाजात म्हणाले की कुळ चांगलं आहे, कागद शुद्ध आहे, गाडी त्याच्याच नावावर आहे, आणि बोगस काही असेल तर ते काल माझ्या मनात होतं. रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "व्हस असं, शेठ." कशाबद्दल ते तिला ठाऊक नव्हतं, पण तिने म्हटलं.

पप्पांना सगळं समजलं असेल की काहीच नसेल, मला अजून कळलेलं नाही. ते एवढंच म्हणाले की मग ब्राह्मणपुरीला फोन लावतो. काका म्हणाले, पहिले मी बोलतो. त्याच्याशीच.

मी नंबर लावून दिला, स्पीकरवर टाकला, कारण मला ऐकायचं होतं. हेमा मागे येऊन उभी राहिली होती. योगेशने उचलला, मागे गाडीचा आवाज. काकांनी नाव सांगितलं तर तो लगेच म्हणाला, "रामराम काका, कागदमा काही कमी ऱ्हायनं का?" बघा, त्यालाही माहीत होतं, हे कागद बघणारे.

आता काका आय.डी.व्ही. विचारतील, क्लेम विचारतील, बारीक अटी विचारतील, असं आम्हाला सगळ्यांना वाटलं. काकांनी विचारलं, "तुमना घरपासून एस.टी. कोठे थांबस?"

योगेश म्हणाला, फाट्यावर. तिथून मी घ्यायला येईन ना.

"आनि परतनी बस कवय शे?"

"परत कसाले जातस काका? मुक्कामले ऱ्हा."

फोनवर पपईच्या क्रेटी आपटल्याचा आवाज येत होता. मग काका म्हणाले, "मी दिन बुडाना नंतर जेवस नही. आमना जैनमा चालस नही."

"मंग मन्ही माय दिन बुडाना पहिले वाढी देई," योगेश म्हणाला. त्याला त्यात विचार करण्यासारखं काही दिसलंच नाही. "कांदा-लसूनबी घालाऊ नही. तुम्ही फक्त आदलादिन फोन करा."

काकांनी फोन पप्पांच्या पिठाच्या हातात दिला.

"हौ म्हनी दे, रमेश," ते म्हणाले. "पोरगा मुक्कामले ऱ्हा म्हनस."